होलोशसाहेब भुक्या बुरुजात

ओतिलियाबाईंच्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जे जेवण झालं, त्यात त्यांचे यजमान वेंदेलिन होलोशसाहेब अर्धा सेकंद उशिरा हसले. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण होलोशसाहेबांनी चौतीस वर्षं जिल्ह्याचे वजनमापे निरीक्षक म्हणून काढली होती. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

झालं असं, की गुलाश वाढून झाल्यावर नगराध्यक्ष उठले आणि म्हणाले, "आपल्या ओतिलियाबाई सांगायच्या तसं, चौथ्या पायरीवर श्वास भरून घ्यायचा, कारण पाचवी पायरी तो काढून घेते." सगळा हॉल हसला आणि मग सगळ्या हॉलने डोळे पुसले. बेकरीवाली तर एप्रनमध्ये तोंड घालून रडली. होलोशसाहेब हसले ते बाकीच्यांकडे बघून. कुठली चौथी, कुठली पाचवी, त्यांना काही पत्ता नव्हता.

विनोवेत्स हे गाव केवढं? डोंगरउतारावर द्राक्षमळे, खाली वाइनची साठ-सत्तर तळघरं, दोन चर्च, आणि तटबंदीचा जेवढा तुकडा उरलाय त्याला चिकटून भुक्या बुरूज. जुन्या काळी कैदी त्यात उपाशी ठेवत म्हणून हे नाव. बुरुजाच्या पाठीला पाठ लावून एका द्राक्ष बागायतदाराचं चारशे वर्षांचं घर आहे, तेही नगरपालिकेने संग्रहालय म्हणून राखलंय. दोन्हींचं तिकीट एक, किल्ल्यांचा जुडगा एक, आणि एकोणीस वर्षं मार्गदर्शकही एकच: ओतिलिया होलोशोवा. मे ते ऑक्टोबर, दर रविवारी दोन ते पाच. गावातल्या प्रत्येक माणसाने, प्रत्येकाच्या पाहुण्यांनी आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांनी ती सहल केली होती. राहिला होता एकच माणूस, आणि तो त्यांच्याच घरात राहत होता.

याला सबळ कारणं होती. रविवारी दुपारी होलोशसाहेब घरातल्या सात घड्याळांना चावी देत. शिवाय त्या वाटेवर सगळी तळघरं, आणि तळघरांच्या दारांत तीच मंडळी, ज्यांचे ग्लास होलोशसाहेबांनी कधी ना कधी जप्त केले होते. आणि सहाशे वर्षं जागचा न हललेला बुरूज पुढच्या रविवारपर्यंत कुठे जाणार, हा मुद्दा तर बिनतोडच होता. ओतिलियाबाई विचारत, "येताय?" आणि ते म्हणत, "पुढच्या रविवारी." पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

बुरूज कुठेही गेला नाही. ओतिलियाबाई फेब्रुवारीत गेल्या.

मे महिन्यात होलोशसाहेबांनी ठरवलं, की एकदा जाऊन बघून यायचं. बेत एवढाच. माणूस एक, वेळ दुपारी दोन, पेन्शनरांना तिकीट अर्धं. इतका साधा बेत त्यांनी उभ्या आयुष्यात आखला नव्हता.

पहिल्या रविवारी ते स्वच्छ शर्ट घालून, टोपी ठीक करून बुरुजाशी पोचले. दाराला कुलूप. कुलपावर प्लास्टिकच्या पाकिटात कागद: "मार्गदर्शिका तात्पुरत्या उपलब्ध नाहीत. चौकशी नगरपालिकेत."

होलोशसाहेबांनी तो कागद तीनदा वाचला. सरकारी माणूस असल्याने त्यांना ठाऊक होतं, की अशी सूचना कोणी विचार करून लिहीत नाही, कपाटात तयार असते ती चिकटवतात. तरीपण "तात्पुरत्या" या शब्दापाशी ते थांबले, आणि क्षणभर, हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही, त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि घरी आले.

बेत फसल्याची बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. औषधाच्या दुकानदाराने सल्ला दिला, की कॉम्प्युटरवर बघा, आतल्या पायऱ्यासुद्धा दिसतात आणि गुडघे दुखत नाहीत. बेकरीवालीने सांगितलं, शाळेची सहल येईल तेव्हा मागच्या रांगेत घुसा. होलोशसाहेब सहा फूट दोन इंच. ते कुठल्या शाळेच्या मागच्या रांगेत खपणार, हे तिने सांगितलं नाही. शेजारच्या बोनिफात्स तोम्काने मात्र कुंपणापलीकडून द्राक्षांच्या वेली बांधता बांधता उलटाच सल्ला दिला.

"कशाला जाताय, इंजिनिअरसाहेब? दगड आहेत. दगड तुमच्या घरी पण आहेत."

होलोशसाहेबांच्या पदवीमुळे गाव त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणत असे. तोम्काशी बोलण्याचा प्रसंग तसा वर्षातून दोनदाच यायचा, कारण त्यांच्यात जुनं वैर होतं. त्याबद्दल पुढे येईलच.  सोमवारी होलोशसाहेब नगरपालिकेत गेले.

सांस्कृतिक विभागाच्या टेबलाशी हुदेत्सोवाबाई बसतात. बाई मनाने चांगल्या. त्यांनी आधी ओतिलियाबाईंसाठी दोन मिनिटं डोळे पुसले, मग फाइल उघडली.

"मला फक्त आतून बघायचंय," होलोशसाहेब म्हणाले.

"मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाही."

"मग मार्गदर्शक द्या."

"नाहीये. जाहिरात काढली होती, एकही अर्ज आला नाही."

"मग किल्ली द्या, मी बघून आणून देतो."

"किल्ली मार्गदर्शकालाच मिळते."

होलोशसाहेबांनी थोडा विचार केला. नियमाला नियम म्हणून त्यांचा विरोध नव्हता. स्वतः चौतीस वर्षं लोकांना असंच तर सांगितलं होतं. "म्हणजे मला बुरूज बघायचा असेल तर मी मार्गदर्शक व्हायला हवं."

"व्हा ना," हुदेत्सोवाबाई एकदम खुलल्या. "फॉर्म आहेच माझ्याकडे."

"पण मला त्यातलं काहीच माहीत नाही."

"त्यासाठी प्रशिक्षण असतं."

"कोण देतं?"

बाई फाइलकडे बघत राहिल्या. पान उलटलं, परत मागे आणलं. "ओतिलियाबाई देत होत्या," त्या हळूच म्हणाल्या.

त्या रकान्यात शेवटी "घरी झाले" असं लिहायचं ठरलं. ते खोटं होतं, आणि होलोशसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा खोट्या मजकुराखाली सही केली.

पुढे पाच आठवडे गेले. डॉक्टरांचा दाखला लागला, गुडघे पायऱ्या चढण्यास योग्य असल्याचा. डॉक्टर म्हणाले, गुडघे योग्य नाहीत, पण गावात दुसरे कोणाचे आहेत? त्यानंतर गुन्हा दाखल नसल्याचा दाखला. तुरुंगात शिरायला आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करावं लागतं, यावर होलोशसाहेब रांगेत उभं राहून चाळीस मिनिटं विचार करत होते. मग अग्निसुरक्षा. आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे, अशी सही हवी होती.

"कुठे आहे?"

"आत. आत गेलात की दिसेल."

"आणि आत जायला आधी सही."

"हो."

ही दुसरी खोटी सही. माणूस एकदा घसरला की कसा घसरत जातो, याचे दाखले त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यांना झोप लागली नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किल्ल्यांचा जुडगा हातात आला. सोबत गळ्यात घालायची पट्टी आणि ओळखपत्र. ओळखपत्रावर छापलेलं होतं, "ओतिलिया होलोशोवा."

"नवीन पुढच्या बजेटमध्ये छापू," हुदेत्सोवाबाई ओशाळून म्हणाल्या. "आडनाव तर जवळजवळ तेच आहे. पण गळ्यात नसेल तर विमा लागू होत नाही."

होलोशसाहेबांनी बायकोचं नाव गळ्यात घातलं आणि ते बाहेर पडले.

रविवारी लोक आले असते, म्हणून त्यांनी बुधवारची सकाळ निवडली. एकट्याने जायचं, नीट बघायचं, परत यायचं. साडेनऊला त्यांनी भुक्या बुरुजाचं कुलूप उघडलं. किल्ली वीतभर लांब, कुलपात घट्ट बसलेली, म्हणून ती तिथेच राहू दिली आणि ते आत शिरले. पायऱ्या मोजल्या. चौथीपर्यंतच्या सगळ्या वीस सेंटिमीटर उंचीच्या आणि पाचवी एकतीस. होलोशसाहेब पाचवीवर चढले आणि त्यांचा श्वास गेला. म्हणजे हे होतं तर. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. खाली धाडकन आवाज झाला.

दार आपल्या वजनाने लागलं होतं आणि कुलपाची जीभ आपोआप बसली होती. आतल्या बाजूने कडी नव्हती. आतून कडी असलेला तुरुंग अजून कोणी बांधलेला नाही, हे त्यांना त्या वेळी मनोमन पटलं.

पहिली वीस मिनिटं त्यांनी शांतपणे काम केलं. खिशात घडीची मोजपट्टी कायम असायची. भिंतीची जाडी दोन मीटर चौदा. वरच्या खोलीचा व्यास साडेतीन मीटरला चार सेंटिमीटर कमी. जमिनीच्या मधोमध एक गोल भोक होतं. त्यातून कैद्याला दोराने खालच्या अंधारकोठडीत सोडत असणार. भोकाची खोली पाच मीटर ऐंशी. आग विझवायचं नळकांडं त्या भोकाच्या तळाशी पडलेलं होतं. मग मोजायचं काही उरलं नाही, आणि खोलीत एकदम शांत झालं. ही शांतता त्यांना घरून ओळखीची होती.

ते झरोक्याशी जाऊन हाका मारू लागले. खालून दोन सायकलवाल्या बाया चालल्या होत्या, ऑस्ट्रियातल्या असाव्यात. त्यांना वाटलं, हा देखाव्याचाच भाग. त्यांनी हात हलवला, फोटो काढला आणि "फार छान" अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्या निघून गेल्या. चौतीस वर्षांच्या सेवेत होलोशसाहेबांना कोणी "फार छान" म्हटलं नव्हतं. ते आत्ता म्हटलं जावं, याचं त्यांना वाईट वाटलं.

पुष्कळ वेळाने पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तोम्का आला. त्याचा मळा बुरुजाला लागूनच होता.

"कोण ओरडतंय?"

"मी. होलोश."

"कोणते होलोश?"

"तोम्का, गावात एकच होलोश उरलाय."

"काय गुन्हा?"

"दार लागलं. किल्ली बाहेर कुलपात आहे."

"दिसतेय." तोम्काने पंप उतरवला, पण तो जागचा हलला नाही. "इंजिनिअरसाहेब, माझे बारा डझन ग्लास आठवतात?"

हेच ते वैर. तोम्काच्या तळघरातल्या ग्लासांवरची भरण्याची रेघ खाली निघाली होती, आणि ऐन सुगीच्या मेळ्याच्या आदल्या दिवशी होलोशसाहेबांनी सगळे ग्लास पेट्यांत भरून सील केले होते.

"एकशे चव्वेचाळीस ग्लास," वरून उत्तर आलं. "रेघ तीन मिलिमीटर खाली."

"अडीच."

"तीन."

"आत बसूनही तीनच?"

"मी आत बसलो म्हणून काचेवरची रेघ वर सरकत नाही."

तोम्काने पंप परत पाठीवर घेतला आणि तो न्याहारीला निघून गेला.

तो परत आला तेव्हा एकटा नव्हता. खालच्या चौकात एक बस थांबली होती. पूर्वेकडच्या कुठल्याशा खेड्यातलं पेन्शनर मंडळ पहाटे निघून सात तासांचा प्रवास करून आलं होतं. तोम्काने कुलूप उघडलं ते एक्केचाळीस म्हाताऱ्यांच्या देखत, आणि होलोशसाहेब डोळे मिचकावत, कोपरापर्यंत चुन्याने माखून बाहेर आले.

मंडळाची पुढारीण आमालियाबाई म्हणून होती. ठेंगणी, डोक्याला फुलांचा रुमाल, हातात घडी घातलेलं पत्र. तिने त्यांच्या गळ्यातलं नाव वाचलं, मग त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्या तुम्ही?"

"मी त्यांचा नवरा."

"मंग बाई कुठं हायती? त्यांनीच तर बोलिवलंय." तिने पत्र पुढे केलं.

अक्षर होलोशसाहेबांच्या ओळखीचं होतं. बाजाराच्या याद्यांवर, लोणच्याच्या बरण्यांवर हेच अक्षर. गेल्या सप्टेंबरची तारीख. "अकरा जून, सकाळी अकरा. मी दारात उभी असेन."

तोम्काने टोपी काढली. ते बघून आमालियाबाईने छातीवर क्रूस काढला. मग एकेक करून सगळ्या आजोबांनी टोप्या काढल्या, आणि माणसं नुसती उभी राहिली. सात तासांच्या प्रवासानंतर लोकांना परत कसं पाठवायचं?

"या," होलोशसाहेब म्हणाले. "पाचव्या पायरीला जपा."

मावले तेवढे भोकाभोवती उभे राहिले, बाकीचे पायऱ्यांवर. होलोशसाहेबांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. निकाल मात्र पुष्कळ वाचून दाखवले होते. त्याच आवाजात त्यांनी सुरुवात केली. "हा बुरूज. भिंत दोन मीटर चौदा. व्यास तीन मीटर सेहेचाळीस. हे भोक. खोली पाच ऐंशी. तळाशी दिसतंय ते आग विझवायचं नळकांडं."

"हितं कुणाला कोंडायचे?" एका आजोबांनी विचारलं.

"कैद्यांना."

"कशापायी?"

"गुन्ह्यांसाठी."

 कोणीतरी खोकलं. एका आजीने पिशवीतून सँडविच काढलं. आपण जे करतोय ते फार वाईट चाललंय, हे होलोशसाहेबांना समजत होतं. आपलं माप कमी भरलेलं त्यांना कायम समजायचं.

"इंजिनिअरसाहेब," आमालियाबाई म्हणाली, "त्या मापाड्याचं सांगा की."

"कोणत्या मापाड्याचं?"

"आता बघा, मुद्दाम इचारत्यात." ती बाकीच्यांकडे वळली. "सा वर्सांमागं लेकीकडं आल्ते, तवा हितं येऊन गेल्ते. बाईंनी सांगितलेलं. मी सांगू का? चुकलं तर तुम्ही सांगा."

होलोशसाहेब बाजूला झाले आणि बाकीच्या चाळीस जणांत जाऊन उभे राहिले.

"असं बघा, ह्या गावात एक मापाडी व्हता," आमालियाबाईने सुरुवात केली. "सोताचाबी मळा व्हता त्याचा, हे पल्याडचं घर त्याचंच. पन गावानं शपथ घालून मापाला बसिवलेला. द्राक्षं काढली की सरदाराचा वाटा मोजायचा. तर एका वर्सी सरदारानं नवी बादली आनली. मापाडी म्हनला, ही बादली दोन बोटं मोठी हाय. सरदार म्हनला, सही कर. ह्यो म्हनला, दोन बोटं म्हंजे दोन बोटं. झालं, घातला आत."

"आन् गावानं काय केलं?" आजोबांनी विचारलं.

"कायबी न्हाई. गावकऱ्यांची मापंबी त्यानं तशीच पकडलेली ना. सरदाराला नको, गावाला नको. येकली बायकू यायची जेवान घिऊन, ह्या पायऱ्या चढून. रोज म्हनायची, करून टाक सही आन् चल घरी. आन् रोज ह्यो म्हनायचा, दोन बोटं." लोक हसले. आमालियाबाई हसली नाही. "बाई सांगायच्या, गावाला वाटायचं लई कडू मानूस. बायकूला इचारा म्हनायच्या. पाव कापला की दोन तुकडे सारखे. आन् सारखे न्हाई जमले, तर मोठा तिच्या ताटात. बोलायचा न्हाई. नुसता ठिवायचा."

त्रेचाळीस वर्षं होलोशसाहेबांनी सकाळचा पाव कापला होता. मोठा तुकडा कोणत्या ताटात जातो, हे ओतिलियाबाईंच्या कधी लक्षात आलं असेल, अशी त्यांना शंकासुद्धा नव्हती. त्यांनी भोकाकडे बघत खिशातली मोजपट्टी घट्ट धरली.

मग सगळे पलीकडच्या घरात गेले. तिथली जुनी फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवर कापडी सपाता चढवायच्या असतात. सपाता तीस जोड, माणसं एक्केचाळीस. काहींनी एकेकच चढवली आणि ती एका पायाने घसरत, एका पायाने चालत निघाली. द्राक्षं चेचायचा लाकडी दाब, पिंपं, चूल. होलोशसाहेबांनी पिंपांच्या मापाबद्दल बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आतल्या खोलीत टेबलाशी मापाड्याचा पुतळा बसला होता. कपड्यांच्या दुकानातला जुना बाहुला. समोर बादली, हातात पट्टी, अंगात करडा कोट.

होलोशसाहेब जवळ गेले. कोटाच्या उजव्या कोपराला ठिगळ होतं, मासे पकडायच्या दोऱ्याने शिवलेलं. ते त्यांनी स्वतः शिवलं होतं. हा कोट नाहीसा झाला तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. "तू तो कोणाला तरी देऊन टाकलास," ते म्हणाले होते. ओतिलियाबाईंनी उत्तर दिलं होतं, "दिला खरा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त शोभतो." त्यावर अबोला आणखी चार दिवस वाढला होता.

"हां, ह्योच," आमालियाबाई म्हणाली. "कोट बाईंच्या मालकांचा. त्या म्हनायच्या, मालक रविवारी येत न्हाईत, मंग मीच त्यांना हितं आनून बसिवलंय." असं म्हणून ती थांबली. मग तिला आपल्याशेजारी कोण उभं आहे ते आठवलं असावं. तिने रुमाल नीट केला.

"पुढे काय झालं?" होलोशसाहेबांनी विचारलं. "मापाड्याचं."

"सुटला का न्हाई, ते..." तिने कपाळाला बोट लावलं. "थांबा हं. सुटला वाटतं. का न्हाई सुटला? न्हाई आठवत बगा. लेक घाई करत व्हती."

खाली बस भोंगा वाजवू लागली. पुढच्या गावात हंसाचं मांस आणि बटाट्याच्या पोळ्या एक वाजताच्या बोलीने सांगितल्या होत्या. मंडळाने सपाता काढल्या, अंगणात तोम्काच्या बाकाशी प्रत्येकी एक ग्लास वाइन घेतली आणि होलोशसाहेबांचे हात हातात घेऊन, "लई सोसलं बगा तुम्ही" असं म्हणत बस गाठली. आमालियाबाईने पत्र परत नेलं नाही.

अंगण रिकामं झालं. तोम्का ग्लास विसळत होता. संग्रहालय बघून झालं की लोकांनी त्याच्या बाकाशी एक ग्लास घ्यायचा, हा एकोणीस वर्षांचा रिवाज. म्हणजे एकोणीस वर्षं, दर रविवारी, तोम्का इथेच होता.

"तुम्हाला माहीत होतं," होलोशसाहेब म्हणाले.

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"नगरपालिकेच्या दप्तरात असा मापाडी खरंच आहे?"

"एक ओळ आहे म्हणे. 'मापाड्यास कोंडले.' बाकीचं तिने घातलं." तोम्काने ग्लास उपडा ठेवला. "इंजिनिअरसाहेब, ती हे सांगायला लागली त्याआधी तुमच्या गाडीचे टायर किती वेळा फुटले?"

"अकरा."

"आणि त्यानंतर?"

होलोशसाहेबांनी मनात हिशोब केला. एकदाही नाही. याचं श्रेय त्यांनी इतकी वर्षं नव्या पोलीस चौकीला दिलं होतं.

"तो सुटतो का?" त्यांनी विचारलं.

"कधी सुटतो, कधी नाही. तुमच्या घरी काय चाललंय त्यावर असायचं. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांत सुटला, बँड लावून. माझ्या ग्लासांच्या वर्षी तिने त्याला सात वर्षं आत ठेवलं. मला बरं वाटावं म्हणून असेल. आणि एकदा जूनमध्ये तो आतच मेला."

"कुठल्या वर्षी?"

"ते मला काय विचारता? तुम्ही काय केलं होतंत ते तुम्ही आठवा."

होलोशसाहेबांना आठवलं. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी ते वजनकाट्यांच्या परिषदेला ब्रनोला गेले होते.

"ऑगस्टमध्ये परत जिवंत केला," तोम्का म्हणाला. "मी सांगितलं, बाई, लोक रडत रडत जातात, वाइन कोणी घेत नाही."

तो बाकाच्या टोकाला बसला. होलोशसाहेब दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये तिसरा माणूस सहज बसेल एवढी जागा.

"आणि शेवटचं? ऑक्टोबरमधलं?"

 तोम्काने एका ग्लासात वाइन ओतली, रेघेपर्यंत, डोळ्यांसमोर धरून तपासली आणि होलोशसाहेबांच्या पुढे ठेवली. होलोशसाहेब वाइन पीत नसत. त्यांनी ग्लास घेतला.

"थंडी होती, दहा-बारा लोक होते," तोम्का म्हणाला. "ती त्या समोरच्या, घराच्या दारातल्या पायरीवर बसूनच बोलली. म्हणाली, दार उघडलं, मापाडी बाहेर आला. बाहेर बायको उभी. दुसरं कोणी नाही. त्याने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, बारीक झालीस, चार किलो. लोक हसले. ती पण हसली, खोकला येईपर्यंत."

गेल्या सप्टेंबरात, स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या ओतिलियाबाईंना होलोशसाहेब हेच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काट्यावर तेवढंच भरलं. ग्रॅमचासुद्धा फरक नाही. आपला अंदाज चुकावा असं त्यांना आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं होतं. दवाखान्यातून घरी येताना ओतिलियाबाईंनी वाटेभर त्यांचा हात सोडला नव्हता.

"मग?"

"मग काही नाही. तिने त्याचा हात धरला आणि त्याला घरी घेऊन गेली."

होलोशसाहेबांनी वाइनचा एक घोट घेतला. आंबट होती.

"कोणता?"

"काय कोणता?"

"कोणता हात धरला? डावा की उजवा?"

बोनिफात्स तोम्काने जन्मात कधी कशाचं नेमकं माप सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ पायरीकडे बघत राहिला, ओठ हलवत, जणू तिथलं बोलणं परत पहिल्यापासून ऐकत होता.

"डावा," तो म्हणाला.

होलोशसाहेबांनी मान हलवली. बरोबर होतं.